पोलिश दुसरी कोअर (इटलीची मोहीम, १९४४–४५)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आठव्या सेनेच्या हुकमतीखाली इटलीत लढलेली पोलिश फौज. सेनापती व्वादिस्वाव अँडर्स. संख्याबळ सुमारे ५०,०००. ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच, कॅनेडियन, न्यूझीलंडचे आणि भारतीय सैनिकही या मोहिमेत होते. त्या सर्वांना परतायला घर होते. पोलिश सैनिक मात्र हिरावलेल्या घराकडे जाण्याची वाट शोधत लढत होते, आणि ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा इतिहास कळत नाही.

सप्टेंबर १९३९मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने आक्रमण केले. पूर्व पोलंडातील लाखो माणसांची रवानगी सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील श्रमछावण्यांत झाली. अँडर्स स्वतः मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात होते. जून १९४१मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, जुलैत पोलंड व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि कैद्यांतूनच फौज उभी राहू लागली. उपासमारीने खंगलेली ही माणसे छावण्यांतून भरतीच्या ठिकाणी येत, बायकामुलांसह. १९४२मध्ये सैनिक व नागरिक मिळून लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्रामार्गे इराणात उतरले. पुढे इराक व पॅलेस्टाइनमध्ये फौजेचे प्रशिक्षण झाले.

सैनिक आघाडीकडे गेले. कुटुंबे मित्रराष्ट्रांच्या ताब्यातील मुलखांत विखुरली. त्यांतील सुमारे ५,००० जण, बहुतांशी स्त्रिया व मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. इटलीतल्या लढाईची बातमी पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी बापाची किंवा भावाची बातमी म्हणून येत असे.

माँटे कॅसिनो

रोमच्या वाटेवरील हा डोंगर जर्मनांनी रोखून धरला होता. जानेवारी ते मार्च १९४४मधील तीन चढाया फसल्या. १५ फेब्रुवारीला माथ्यावरील प्राचीन मठ बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला, पण त्याच ढिगाऱ्यांचा आडोसा घेऊन जर्मन छत्रीधारी सैनिक अधिक घट्ट बसले. चौथ्या भारतीय डिव्हिजनने ज्या ‘पॉइंट ५९३’साठी रक्त सांडले, तोच उंचवटा आता पोलिश तुकड्यांच्या वाट्याला आला.

११ मेच्या रात्री सुरू झालेला त्यांचा पहिला हल्ला मोठ्या हानीनंतर मागे घ्यावा लागला. १७ मेला दुसरा झाला. दरम्यान खालच्या लिरी खोऱ्यात मित्रसैन्य पुढे सरकले होते आणि दक्षिणेकडील डोंगर फ्रेंच फौजेने पार केले होते. वेढले जाण्याच्या भीतीने जर्मनांनी माघार घेतली. हा विजय एकट्या पोलंडचा नव्हता. पण किंमत त्यांनी फार मोठी मोजली: ९२३ मृत, २,९३१ जखमी, ३४५ बेपत्ता. १८ मेच्या सकाळी १२व्या पोडोलियन लान्सर्सच्या गस्ती तुकडीने मठाच्या अवशेषांवर निशाण लावले.

पुढील लढाया

जुलै १९४४मध्ये कोअरने आंकोना बंदर घेतले. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर अखेरची चढाई सुरू झाली, तेव्हा त्याच नदीवर आठवी भारतीय डिव्हिजनही होती. तिच्यातील मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांना त्या दिवसाच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २१ एप्रिलला पोलिश सैनिक बोलोन्यात शिरले.

तोवर त्यांच्या लढण्याचा हेतूच हातातून निसटला होता. फेब्रुवारी १९४५मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे ठेवण्याचे ठरले. अँडर्सच्या सैनिकांपैकी बहुतेकांची गावे त्याच भागातली. तरीही त्यांनी आघाडी सोडली नाही. युद्धानंतर बरेचजण ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. १९४७मध्ये तिथे त्यांच्यासाठी खास पुनर्वसन कायदा झाला. पोलंडमधील कम्युनिस्ट सरकारने अँडर्स यांचे नागरिकत्व काढून घेतले. १९७०मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना माँटे कॅसिनोच्या पोलिश दफनभूमीत, हजाराहून अधिक सैनिकांच्या शेजारी पुरण्यात आले.

वॉर्सात माँटे कॅसिनोच्या स्मारकाशेजारीच वळिवडे छावणीची आणि कोल्हापूरची आठवण सांगणारी शिला आहे.