दिलासा आणि धीर: साथीच्या काळात होणारी गल्लत

साथ सुरू झाली की पहिलं सरकारी वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘घाबरण्याचं कारण नाही.’ बोलणाऱ्याला वाटतं, आपण लोकांना धीर दिला. दिला तो दिलासा. दिलासा भीती घालवायला बघतो. धीर भीती असू देतो आणि ‘मग आता काय करायचं’ ते सांगतो.

दिलासा देणारा रोगाच्या वतीनेच शब्द देऊन बसतो, ही खरी गोम. ब्रिटनमध्ये गाईंत ‘मॅड काऊ’ रोग पसरला तेव्हा, मे १९९० मध्ये, कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. गोमांस खायला हरकत नाही, हे पटवायला. माणसाला बाधा झाल्याचा पुरावा तेव्हा नव्हता, हे मान्य. पण ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ नव्हे. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावं लागलं, की माणसांत दिसलेल्या नव्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. तो बर्गर लोक आजही विसरलेले नाहीत.

आकडा दाबणं हा दिलाशाचाच निलाजरा प्रकार. २००३ मध्ये सार्स या श्वसनविकाराच्या साथीत बीजिंगमधले रुग्ण ३७ सांगितले जात होते. २० एप्रिलला आकडा एकदम ३३९ झाला आणि आरोग्यमंत्र्यांचं पद गेलं.

धीराची भाषा ऐकायला जरा कोरडी असते: एवढं कळलंय, एवढं कळलेलं नाही, सल्ला उद्या बदलू शकतो, तोवर ताप आलेल्याने घरी थांबावं. शेवटचा तुकडा गाळला तर उरते नुसती अनिश्चितता, आणि तीही माणसाला सोसत नाही.

कधी कधी दोन्हींतला फरक एका ‘पण’पुरता असतो. ‘अजून रुग्ण सापडताहेत, पण साथ ओसरतेय’ हा दिलासा. ‘साथ ओसरतेय असं दिसतं, पण अजून रुग्ण सापडताहेत’ हा धीर. माहिती तीच, मराठीत वजन ‘पण’नंतरच्या शब्दांवर पडतं. जोखीम-संवादाचे, म्हणजे धोक्याबद्दल लोकांशी कसं बोलावं याचे, अमेरिकी जाणकार पीटर सँडमन हेच सुचवत आले आहेत: चांगली बातमी आधी उरकावी, सावधगिरी मुख्य वाक्यात ठेवावी. पुढच्या आठवड्यात रुग्ण पुन्हा वाढले, तर पहिलं वाक्य बोलणाऱ्याला तोंड लपवावं लागतं. दुसरं बोलणारा पुन्हा लोकांसमोर उभा राहू शकतो.