‘निकेलेट’ म्हणजे नेमके कोणते?

अतिसंवाहक, म्हणजे पुरेशा थंडीत विजेला अजिबात रोध न करणाऱ्या, निकेलेटविषयीच्या बातम्यांत कधी १५ केल्विन, कधी ८० केल्विन असे तापमान दिलेले असते आणि वाचणाऱ्याला वाटते की एकाच पदार्थाने काही वर्षांत एवढी मजल मारली. प्रत्यक्षात हे दोन निराळे पदार्थ आहेत. ‘निकेलेट’ या नावातून निकेल आणि ऑक्सिजन यांची चौकट आहे एवढेच कळते. ती चौकट कशी रचली आहे, हे मात्र कळत नाही.

पहिला पदार्थ २०१९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हॅरल्ड ह्वांग यांच्या गटाने तयार केला. निओडिमियमच्या निकेलेटमध्ये थोडे स्ट्राँशियम मिसळून त्याचा पातळ थर स्ट्राँशियम टायटनेटच्या स्फटिकावर वाढवायचा आणि मग तो कॅल्शियम हायड्राइडच्या सान्निध्यात तापवायचा, म्हणजे निकेलच्या वरचा व खालचा ऑक्सिजन निघून जातो आणि सपाट पत्रे उरतात. या निकेलवरील विद्युतभार +१ च्या आसपास येतो. त्याच्या ‘डी’ नावाच्या बाहेरच्या कक्षेत तांबे-ऑक्सिजनच्या प्रसिद्ध अतिसंवाहकांप्रमाणेच जवळजवळ नऊ इलेक्ट्रॉन राहतात. हे साम्य साधण्यासाठीच तर सारा खटाटोप होता. अतिसंवाहकता ९ ते १५ केल्विनच्या दरम्यान दिसली.

दुसऱ्याची घोषणा २०२३ मध्ये चीनमधील ग्वांगझौच्या सुन यात-सेन विद्यापीठातून झाली. लँथॅनमचे तीन, निकेलचे दोन आणि ऑक्सिजनचे सात अणू अशी त्याची घडण असून त्यात निकेलचे थर जोडीजोडीने असतात. स्फटिकावर १४ गिगापास्कलहून अधिक, म्हणजे वातावरणाच्या सुमारे एक लाख चाळीस हजार पट दाब दिल्यावर तो ८० केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि त्याने थंड करणे स्वस्त पडते, म्हणून या आकड्याची एवढी चर्चा झाली.

माझ्या मते खरा भेद ऑक्सिजनच्या एका अणूपाशी आहे. पहिल्यात निकेलच्या डोक्यावरचा ऑक्सिजन काढून टाकल्याशिवाय काही घडत नाही; दुसऱ्यात दोन थरांमधला तोच ऑक्सिजन पुलासारखा असतो आणि दाबाखाली निकेल-ऑक्सिजन-निकेल हा कोन १६८ अंशांवरून सरळ १८० अंशांवर येतो. शिवाय येथे निकेलवरील भार सरासरी +२.५ आहे. त्यामुळे तांब्याशी असलेले ते सोपे साम्य दुसऱ्याला लावता येत नाही, तरी ते सर्रास लावले जाते.

तापमानावरून ओळखण्याची सोयही आता राहिलेली नाही. दुसऱ्या प्रकारचा पातळ थर योग्य स्फटिकावर ताणाखाली वाढवला, तर साध्या दाबालाही सुमारे ४० केल्विनला अतिसंवाहकता मिळते, हे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. आणि २०२५ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील गटाने निओडिमियमऐवजी समेरियम वापरून पहिल्या प्रकारालाही जवळपास तेथेच नेले. दोन्ही पातळ थर, दोन्ही साध्या दाबाला, दोन्ही ४० केल्विनच्या आसपास. अशा वेळी बातमीत निकेलच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू (पहिला प्रकार) दिले आहेत की साडेतीन (दुसरा), तेवढे पाहावे.