दोन भाषांमधली जोडणी: आम्ही काय तपासतो, तुम्ही काय द्यायचं

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत चालणारं सॉफ्टवेअर सहसा एकाच भाषेत लिहिलेलं नसतं. सेन्सरचा ड्रायव्हर सी-मध्ये, रिपोर्ट पायथनमध्ये, आणि मधेच कुणीतरी हौसेनं आणलेलं रस्ट. त्यात गैर काही नाही. गोची होते ती एका भाषेतलं फंक्शन दुसरीतून कॉल करताना. सी-चा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) सी-पुरतं बघतो, पायथन आपल्यापुरतं. दोघांचं एकमेकांशी जुळतंय का, हे कुणीच बघत नाही. आमचं काम तेवढंच.

समजा, सी-च्या स्ट्रक्चरमध्ये (वेगवेगळी मूल्यं एकत्र ठेवणारी रचना) आधी एक बाइटचा स्टेटस आणि मग आठ बाइटचं प्रेशर रीडिंग आहे. नेहमीच्या ६४-बिट मशीनवर कंपायलर मधे सात बाइट रिकामे सोडतो, म्हणजे एकूण १६. पायथनच्या बाजूला कुणी तेच ‘पॅक’ करून, म्हणजे मधे जागा न सोडता, ९ बाइटचं लिहिलं असेल, तर प्रोग्राम बंद पडेलच असं नाही, एररही येत नाही. रिपोर्टवर प्रेशर तेवढं भलतंच छापून येतं, आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

दुसरी नेहमीची चूक सीटाइप्सची, म्हणजे पायथनमधून सी-ची फंक्शन्स कॉल करायच्या मॉड्यूलची. फंक्शन काय परत देतं हे सांगितलं नाही, तर पायथन साधा ‘इंट’ धरतो, म्हणजे चार बाइट. परत येणारा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, आठ बाइटचा असला की पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता लहान असेल तर काम निभावतं. ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणणारा खोटं बोलत नसतो! सी-च्या ‘लाँग’ या पूर्णांकाचंही तसंच: ६४-बिट लिनक्सवर आठ बाइट, विंडोजवर चार.

मेमरीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. रस्टनं तयार करून दिलेली स्ट्रिंग (मजकूर) सी-च्या ‘फ्री’नं सोडायची नसते, ती रस्टकडेच परत द्यावी लागते. म्हणून प्रत्येक फंक्शनपुढे मेमरी कोण घेतं आणि कोण सोडतं, हे आम्ही लिहून काढतो. मराठी नावं छापत असाल तर बफर, म्हणजे मजकुरासाठी राखलेली जागा, तीही बघतो: ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत १२ बाइट घेतो, शिवाय सी-साठी शेवटचा शून्य बाइट वेगळा. रस्टचं पॅनिक (चूक झाली की रस्ट काम थांबवतं ते) सी-पर्यंत पोचू देऊ नये, रस्ट १.८१ पासून साध्या ‘एक्स्टर्न सी’, म्हणजे सी-मधून कॉल करता येणाऱ्या, फंक्शनमधून ते बाहेर पडू लागलं की अख्खी प्रोसेसच बंद होते.

दोन्ही बाजूंची डिक्लरेशन्स (फंक्शन काय घेतं, काय देतं याची नोंद) शेजारी ठेवून आम्ही वाचतो, मग ॲड्रेस सॅनिटायझर आणि व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनांखाली प्रोग्राम चालवून बघतो. हातानं लिहिलेली डिक्लरेशन्स जिथं टाळता येतील तिथं ती आपोआप तयार करणारं बाइंडजेन किंवा सीबाइंडजेन सुचवतो. ‘सगळं एकाच भाषेत नव्यानं लिहा’ हा सल्ला आम्ही देत नाही. चालू लाइनवर तो परवडत नाही.

तुमच्याकडून दोन्ही बाजूंचा सोर्स, बिल्ड स्क्रिप्ट आणि प्रोग्राम कुठल्या मशीनवर चालतो त्याची यादी लागेल. कोड बाहेर द्यायचा नसेल तर आम्ही तुमच्याकडे येऊन बसतो. व्हेंडरनं नुसती डीएलएल (कंपाइल केलेली फाइल) आणि हेडर (डिक्लरेशन्सची फाइल) दिलं असेल तर आतलं वाचता येत नाही. अशी फंक्शन्स अहवालात ‘एकाच बाजूनं तपासलेली’ म्हणून वेगळी दाखवली जातील.