बिल्ला (वाहनचालकाचा)

भाड्याने प्रवासी वाहून नेणारे वाहन चालवण्यास पात्र ठरलेल्या चालकास परिवहन कार्यालयाकडून मिळणारे क्रमांकित ओळखचिन्ह. बोलीत 'बॅज' किंवा 'बॅच-बिल्ला'. 'बॅच' हे 'बॅज'चेच रूप असल्याने या जोडशब्दाचे दोन्ही घटक समानार्थी आहेत.

बिल्ला मोटारीहून जुना आहे. पट्ट्यावर बसवलेल्या पितळी पत्र्यास चपरास म्हणत. 'चपराशी' हा शब्द त्यावरूनच आला. मुंबईतील भाड्याच्या घोडागाड्यांवर आधी १८६३ च्या व पुढे १९२० च्या सार्वजनिक वाहनविषयक कायद्याचे नियंत्रण होते. टॅक्सीचालकाचा बिल्ला याच व्यवस्थेचा वारसा असावा. तो १९१४ च्या मोटार कायद्यापासून नव्याने सुरू झाला असे मानण्यापेक्षा हे अधिक सयुक्तिक वाटते.

बिल्ला आणि अनुज्ञप्ती (लायसन्स) या भिन्न बाबी होत. अनुज्ञप्ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली मिळते. बिल्ला व गणवेश यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाने राज्यांकडे सोपवला आहे. परिवहन वाहनासाठी (प्रवासी वा मालवाहतुकीच्या वाहनासाठी) चालकाचे वय किमान २० वर्षे, हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष जुनी आणि नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये वगळण्यात आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परिवहन अनुज्ञप्तीची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली.

अनुज्ञप्तीविषयीचा खरा वाद निर्माण झाला तो या अधिनियमाच्या १९९४ च्या दुरुस्तीतून. अनुज्ञप्ती कोणत्या वाहनांसाठी हे सांगणाऱ्या मूळ कलम १० मध्ये मध्यम व जड, मालवाहू व प्रवासी असे चार वर्ग होते. त्यांच्या जागी 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग आला. 'हलके मोटार वाहन' हा वर्ग मात्र तसाच राहिला, आणि कलम २(२१) मधील त्याच्या व्याख्येत ७,५०० किलोग्रॅमपर्यंतची परिवहन वाहनेही येतात. मग छोटा टेम्पो किंवा टॅक्सी नेमकी कोणत्या वर्गात? प्रश्न वरवर शाब्दिक दिसतो. पण अपघातानंतर चालकाच्या अनुज्ञप्तीवर परिवहन वाहनाची नोंद नाही, एवढ्यावर विमा कंपन्या भरपाई नाकारू लागल्या. मुकुंद देवांगण प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र नोंद अनावश्यक ठरवली. त्यावर शंका घेतली गेल्याने विषय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तोच अर्थ कायम झाला. व्याख्येचा शब्दार्थ पाहता तो ग्राह्य वाटतो, तरी वर्षभराच्या अनुभवाच्या अटीला हलक्या वाहनांपुरता फारसा अर्थ उरत नाही. जड वाहनांसाठी स्वतंत्र नोंद आजही लागते. घातक माल वाहणाऱ्यांना विशेष प्रशिक्षण अनिवार्य असून एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावी लागते.

महाराष्ट्रात बिल्ल्यापूर्वी पोलीस पडताळणी होते. भाषेच्या अटीचा उल्लेख करताना बिल्ला आणि परमिट यांची गल्लत होते: रिक्षाच्या नव्या परमिटसाठी मराठी सक्तीची करणारे २०१६ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केले, ते परमिटविषयीचे होते. मुंबईत परमिटधारक रिक्षाचालक पांढरा, तर केवळ बिल्ला असलेला चालक खाकी गणवेश घालतो.