पुन्हा गणपतीपुळे : विनोदी चित्रपटांच्या दुसऱ्या भागांमागचा इतिहास

‘नवरा माझा नवसाचा २’ हा चित्रपट २० सप्टेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. गणपतीसाठी गावी आलेले चाकरमानी कोकण रेल्वेच्या खच्चून भरलेल्या गाड्यांतून नुकतेच मुंबईला पोचले होते आणि पडद्यावरची माणसे त्याच रेल्वेने उलट दिशेला, गणपतीपुळ्याला, निघाली होती. २००४ च्या पहिल्या भागात हाच प्रवास एसटीने झाला होता. तेव्हाचे कंडक्टर अशोक सराफ आता तिकीट तपासनीस झाले होते आणि सचिन-सुप्रिया यांचे नवस फेडायला निघालेले जोडपे आता मुलगी-जावयाचे आईवडील म्हणून समोर आले. प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असलेले चेहरे, वाक्ये आणि प्रसंग मुद्दाम पुन्हा समोर आणून त्याची हौस पुरवण्याला हल्ली ‘फॅन सर्व्हिस’ म्हणतात. शब्द नवा असला तरी प्रेक्षकाची ही हौस, निदान कोकणात, सिनेमापेक्षा बरीच जुनी आहे.

दशावताराच्या जत्रेला जाणाऱ्याला आख्यान पाठ असते. गण-सरस्वती झाली की संकासुर हा राक्षस येणार, मालवणीत सूत्रधाराशी वाद घालणार आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे पोरासोरांनाही माहीत असते. तरी त्याच्या येण्याची वाट सगळेच पाहतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान आणि पात्रे ठरतात, बाकीचे नट रंगमंचावर उभे राहून रचतात. म्हणजे प्रेक्षक जे ओळखतो तो सांगाडा असतो आणि ज्याला हसतो ते त्या रात्रीचे, त्या गावचे, कधी कधी समोर बसलेल्या एखाद्या गाववाल्यावरचेही असते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने हीच पद्धत १९८० पासून नाट्यगृहात आणली. गावकऱ्यांनी बसवायला घेतलेले द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक आणि त्याचा उडालेला बोजवारा एवढ्यावर या मालवणी नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच पुढे काय बोलणार हे माहीत असलेले लोक पुन्हा तिकीट काढत होते. त्याचा दुसरा भाग काढण्याची गरज कोणाला भासली असेल असे वाटत नाही. प्रत्येक प्रयोग हाच एका अर्थाने पुढचा भाग होता.

चित्रपटाला ही सोय नाही. एकदा चित्रित झालेला हशा त्याच क्षणी, त्याच लांबीचा, कायमचा ठरून जातो. त्यामुळे पात्र पुन्हा हवे असेल तर नवा चित्रपटच काढावा लागतो, आणि मराठीत हे फार लवकर झाले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला मास्टर विनायक यांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’मधून पडद्यावर आणले आणि दोनच वर्षांनी ‘सरकारी पाहुणे’ काढला. दामुअण्णा मालवणकरांचा चिमणराव लोकांना पुन्हा पाहायचा होता, एवढेच त्यामागचे सरळ गणित. यात स्मरणरंजन नव्हते. दोन वर्षांत कोणी कशाची आठवण काढून हळवे होत नाही.

मग पुढची कित्येक दशके मराठी विनोदी चित्रपटाला दुसऱ्या भागाचे फारसे वेड नव्हते, त्याचे कारण माझ्या मते असे, की तेव्हा मंडळीच पुन्हा पुन्हा भेटत होती. १९८५ च्या ‘धुमधडाका’पासून अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, महेश कोठारे, सचिन यांच्यापैकी दोघे-तिघे दर थोड्या महिन्यांनी नव्या नावाच्या चित्रपटात नव्या अडचणीत सापडत. बेर्डे यांच्या पात्राचे नावही अनेकदा लक्ष्याच असे. गोष्ट बदलली तरी ओळख टिकत होती.

१९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’चेच पाहा. सचिन यांनी दिग्दर्शित केलेला आणि वसंत सबनीसांनी लिहिलेला हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला, म्हणजे आज ज्याला अस्सल मराठी ठेवा म्हणून आपण जपतो तो स्वतःच उसन्या कथेवर उभा आहे. आमच्या वाडीत थिएटर नव्हते. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, सारवलेल्या खळ्यात गोणपाटे अंथरायची आणि रात्रभरात तीन कॅसेटी संपवायच्या, असा बेत असे. वीज गेली की ती येईपर्यंत भजन. वर्षानुवर्षे तीच घासलेली कॅसेट, पडद्यावर अधूनमधून मुंग्या. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार दारात दिसले, की पुढे बसलेली एक आजी पदर तोंडाला लावून हसायला लागे. औषधापायी बुडालेल्या सत्तर रुपयांचे वाक्य अजून यायचेच असे. पुढे ते वाक्य आले तरी ते कोणाला ऐकू येत नसे, कारण तोवर खळ्यातली सगळी मंडळी आजीला हसत असत.

वाक्याच्या आधी येणारे ते हसू हेच पुढच्या सगळ्या धंद्याचे भांडवल ठरले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००७ मध्ये झी टॉकीज सुरू झाल्यावर हे चित्रपट इतक्या वेळा दाखवले गेले, की ज्यांचा जन्म १९८८ नंतरचा त्यांनाही ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ पाठ झाले. पुढे मोबाइलवरच्या मीमने उरलेले काम केले. याच काळात मंडळी मात्र विस्कटली. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. ओळखीचे हसू घरोघर वाढत होते आणि ते पुरवणारी माणसे कमी होत होती. मराठी विनोदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागांची खरी सुरुवात या तफावतीत आहे.

महेश कोठारे यांनी १९९३ च्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग २०१३ मध्ये, बरोबर वीस वर्षांनी, थ्रीडीमध्ये आणला. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू बाहुला आणि दिलीप प्रभावळकर दोघेही परतले. लक्ष्या नव्हता, म्हणून त्याच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. बाहुल्याला वय नसते, ही या चित्रपटाची मोठी सोय होती, आणि अडचणही तीच होती. तात्या विंचूचा ‘ओम फट् स्वाहा’ हा मंत्र ऐकून अंगावर काटा येण्याऐवजी शाळकरी वयाची आठवण येते, तेव्हा भीती जाऊन कौतुक उरते. आणि पहिल्या भागात त्या भीतीला तोंड देणारा लक्ष्याचा घाबरट चेहरा हीच विनोदाची निम्मी बाजू होती. वीस वर्षांच्या अंतराचा हिशेबही सरळ आहे. दहाव्या वर्षी चित्रपट पाहिलेला मुलगा तिशीत स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो आणि सोबत आपल्या पोरालाही आणतो.

हा हिशेब मराठी निर्मात्यांनीच मांडला असे नाही. हॉलीवूडमध्ये ‘डंब अँड डंबर’चा दुसरा भाग २०१४ मध्ये वीस वर्षांनी आला, आणि ‘बनवाबनवी’च्याच वर्षीचा ‘कमिंग टू अमेरिका’ तेहेतीस वर्षांनी, २०२१ मध्ये, पुढे सरकला. हिंदीत २००० च्या ‘हेराफेरी’नंतर २००६ मध्येच ‘फिर हेराफेरी’ आला, पण तो आठवणीवर नव्हे तर ताज्या लोकप्रियतेवर उभा होता. बाबूराव गणपतराव आपटे या मराठी घरमालकाभोवतीचे स्मरणरंजन त्यानंतर साठत गेले. मराठीत २००८ च्या ‘दे धक्का’चे कुटुंब २०२२ मध्ये लंडनला पोचले. दुसऱ्या भागात परदेशवारी घालण्याची ही सवय मला कधी कळलेली नाही. ज्या मातीत विनोद रुजला ती सोडून तो परक्या रस्त्यावर का न्यावा?

‘नवरा माझा नवसाचा’ने ती चूक केली नाही. पहिल्या भागाची कल्पना म्हणजे वकीच्या, म्हणजे सचिन यांनी केलेल्या नायकाच्या, जन्माआधी बोललेला आणि फेडायचा राहून गेलेला नवस, तोही आता वाढलेल्या वकीने नागव्याने फेडायचा. बसप्रवासातल्या विनोदाची ही जातकुळी हिंदीत १९७२ च्या ‘बॉम्बे टू गोवा’ने रुळवली होती, आणि तोही १९६६ च्या तमिळ ‘मद्रास टू पाँडिचेरी’वर बेतलेला होता. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावत होती, म्हणजे २००४ मध्ये ही मंडळी रेल्वेने सहज जाऊ शकली असती. तरी एसटी निवडली गेली, कारण बस हे विनोदाचे उत्तम घर आहे. दार एक, इंजिनाचा आवाज सगळ्यांना सारखाच ऐकू येणारा, आणि कंडक्टर मुंबईपासून पुळ्यापर्यंत त्याच चाळीस-पन्नास माणसांच्या तावडीत सापडलेला. अशोक सराफ यांना तिथून कुठे जाताच येत नव्हते, म्हणून ते प्रत्येक भांडणात होते.

तिकीट तपासनीसाचे तसे नसते. तो एका डब्यातून येतो, यादीवर खुणा करतो आणि पुढच्या डब्यात जातो. त्यामुळे दुसऱ्या भागात वाहन बदलणे म्हणजे केवळ काळाप्रमाणे वेष बदलणे नव्हते, विनोदाचा सांगाडाच बदलत होता. जुने आठवून टाळी घेण्याच्या जागा जिथे सरळ मागितल्या आहेत तिथे मला हा चित्रपट सैल वाटतो. सत्त्याहत्तर वर्षांचे सराफ काळा कोट घालून डब्यात शिरतात आणि समोरचा प्रवासी काय थाप मारणार हे त्यांच्या डोळ्यांत आधीच दिसते, तिथे मात्र जुन्या कंडक्टरची एकही गोष्ट न सांगता तो कंडक्टर आठवतो. खळ्यातल्या त्या आजीला हे दृश्य आवडले असते असे वाटते.

गणपतीपुळ्याला आजही रेल्वे स्थानक नाही. गाडीने रत्नागिरीला उतरायचे आणि पुढचे पंचवीसेक किलोमीटर आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने रिक्षाने नाहीतर एसटीने जायचे.