वेठबिगार

मोबदला न देता, किंवा नावापुरता देऊन, सक्तीने करून घेतलेले काम म्हणजे वेठबिगार. असे काम करावे लागणाऱ्या माणसालाही हाच शब्द लावतात. शब्द जोडीचा आहे आणि दोन्ही भागांचा अर्थ जवळपास एकच: ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’पासून आला, ‘बिगार’ फार्सीतून. नागपूरकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘बेगार’ हे रूपही कानावर पडते. गडचिरोलीपलीकडच्या तेलुगू मुलखात ‘वेट्टी’ म्हणतात.

विष्टी हा मुळात राजाचा हक्क. कौटिलीय अर्थशास्त्रात तिचा उल्लेख आहे. इ. स. १५० च्या जुनागढ लेखात शक राजा रुद्रदामन अभिमानाने सांगतो, की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण कर, विष्टी वा सक्तीच्या देणग्यांनी प्रजेला न पिडता स्वतःच्या खजिन्यातून बांधला. ज्या गोष्टीचा असा गौरव करावा लागतो, ती एरवी सर्रास घडत असणार, हे उघड आहे.

याचा विदर्भातला पुरावा वाकाटक राजांच्या ताम्रपटांत आहे. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेल्या या लेखांपैकी दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक (जि. अमरावती) ताम्रपट मुद्दाम वाचण्याजोगा आहे. दान दिलेल्या गावाला कोणत्या जाचातून सूट, याची त्यात यादी येते: फुले आणि दूध द्यायचे नाही, गवत, बसायला कातडी, कोळसा पुरवायचा नाही, आणि शेवटी ‘सर्वविष्टिपरिहारपरिहृत’, म्हणजे सर्व प्रकारच्या वेठीतून मुक्त. बाकीच्या गावांना काय काय पुरवावे लागत होते, ते या सवलतींवरूनच कळते. ही मुक्ती राबणाऱ्याला मिळाली, असे मात्र समजू नये. राजाने सोडलेला श्रमाचा हक्क दान घेणाऱ्याकडे गेला, असे काही इतिहासकारांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

इंग्रजी अमलातही दौऱ्यावरच्या साहेबाच्या तळावर गवत, लाकूडफाटा पोचवणे आणि ओझी वाहणे गावकऱ्यांच्या माथी होतेच. मध्य प्रांतात मालगुजाराला, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याला, जमिनीची मालकी मिळाल्यावर वेठीचा दुसरा धनी उभा राहिला. नांगरणीच्या दिवसांत कुळाची स्वतःची पेरणी खोळंबे, पण बैलजोडी घेऊन आधी मालगुजाराच्या सीर, म्हणजे घरच्या शेतीच्या, जमिनीवर जावे लागे. यात सर्वाधिक भरडले गेले ते दलित आणि आदिवासी, कारण त्यांच्याकडे नकार द्यायची सोयच नव्हती. मालगुजारी १९५१ मध्ये संपली.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगारीला मनाई केली. इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द ठेवला आहे. पुढे वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम, १९७६ आला. कर्ज किंवा उचल देऊन माणसाला कामाला बांधून ठेवणे त्याने गुन्हा ठरवले आणि तसले कर्ज फेडण्याचे बंधनच रद्द केले. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील सक्तीची मजुरीच मानली.

विदर्भातला सालगडी मात्र आपोआप वेठबिगार ठरत नाही. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरते, ते संपले की तो दुसरा मालक धरू शकतो. उचल फिटेना आणि मालक जाऊ देईना, तेव्हा सालाची वेठ होते. वीटभट्टीवर सगळे कुटुंब एका उचलीपोटी अडकते, तिथेही हीच कसोटी लावावी.

‘संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले’ हा वर्तमानपत्री प्रयोग आता रुळला आहे. मोबदल्यासाठी काम थांबवणाऱ्यावरच हा शब्द उलटवणे अन्यायाचे आहे.

वेठबिगारांचा शोध व सुटका ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी असून, त्यांच्या मदतीला जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार सुटलेल्या प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांचे साहाय्य ठरले आहे.