पोटाखाली वाकून बघायचं विमान

लंडनला गेलेले लोक लंडन आय, टॉवर ब्रिज वगैरे करतात आणि परत येतात, पण नॉर्दर्न लाइनने कॉलिंडेलला उतरून थोडं चाललं की हेंडनचं आरएएफ म्युझियम, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं संग्रहालय लागतं. तिकीट नाही, फुकट आहे, आणि तिथल्या एका हँगरमध्ये शॉर्ट संडरलँड नावाचं एक पांढरं धूड ठेवलंय. एमएल 824 हा त्याचा नंबर. दुसऱ्या महायुद्धातली फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावरून उडणारी, पाण्यावरच उतरणारी आणि एरवी बंदरात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला बांधून ठेवायची. चाकं नाहीतच. ती आता ज्या गाड्यावर उभी आहे तसला गाडा पाण्यातून वर ओढून काढायच्या वेळी खालून लावायचे.

सगळे जण आधी मशीनगनचे टरेट, म्हणजे गोल फिरणारे घुमट बघायला धावतात, त्यांचे फोटो काढतात. मी म्हणतो ते नंतर बघा, आधी वाका आणि पोट बघा, कारण हे आधी जहाज आहे आणि मग विमान, आणि त्याची अख्खी गोष्ट त्या पोटावर लिहिलीय.

पंखांचा पसारा 34 मीटर, लांबी 26 मीटर, आत दोन मजले, आणि पूर्ण भरल्यावर वजन 27 टनांच्या आसपास. आता आर्किमिडीजचा हिशोब करा. 27 टन तरंगवायचे तर तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारलं पाहिजे, म्हणजे साधारण 27 हजार लिटर, उन्हाळ्यात सोसायटीत येतो तो दहा हजारवाला टँकर धरला तर पावणेतीन टँकर! एवढं पाणी सारायला पोट खोल आणि लांब लागतं, हवेत ते पोट नुसता अडथळा होतं, आणि रुंद केलं तर अडथळा आणखी वाढतो म्हणून ते अरुंद ठेवलंय. मग अरुंद झालं की डोलायला लागतं, कारण इंजिनं आणि पंख सगळे वरती, डोकं जड. त्यासाठी दोन्ही पंखांखाली टोकाकडे एकेक छोटा फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा लटकवलाय. तो तुटला तर क्रूमधली माणसं दुसऱ्या बाजूच्या पंखावर चढून बसायची, वजनाने तोल सांभाळायला. वाचायला गंमत वाटते, पण ओला निसरडा पंख आणि खाली अटलांटिक आहे हे डोळ्यांसमोर आणा.

आता पोटातली खरी मेख. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून मागे येत येत तळ एका जागी अचानक तुटतो, एक पायरी पडते आणि पुढचा तळ थोडा वरून सुरू होतो. इंग्रजीतही तिला स्टेपच म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुठे आदळून वाकलंय की काय. नाही, ही पायरी नसती तर हे विमान पाण्यावरून सुटलंच नसतं.

का ते सांगतो. पाणी हवेपेक्षा 800 पटीने दाट. वाहत्या नळाखाली चमच्याची बाहेरची फुगीर बाजू धरून बघा, चमचा धारेपासून लांब जायच्या ऐवजी धारेत ओढला जातो. वळलेल्या पृष्ठभागाला पाणी चिकटून वाहतं आणि त्याला आपल्याकडे खेचतं. विमानाच्या तळाचंही तेच होतं. वेग वाढला की मागचा तळ खाली ओढला जायला लागतो आणि पायलटने नाक वर करायचं म्हटलं तर शेपटीकडचा भाग आणखीच पाण्यात बुडतो, म्हणजे जेवढी ताकद लावाल तेवढे चिकटून राहाल. पायरीच्या धारेशी पाण्याला वळण घेता येत नाही, ते सुटतं, मागे हवा शिरते, आणि मग विमान फक्त पुढच्या तळावर, स्पीडबोटीसारखं पाण्याच्या वर सरकत जातं. ही पायरी बरोबर गुरुत्वमध्याच्या जरा मागे ठेवतात, म्हणजे तिच्यावर रेलून नाक वरखाली करता येतं.

त्याआधी एक वाईट टप्पा असतो. सुरुवातीला विमान पाण्यात बसलेलं, नाळेपुढे लाट साचते, वेग वाढतो तसा पाण्याचा विरोधही वाढत जातो आणि एका वेगाला तो सगळ्यात जास्त होतो. त्याला हंप म्हणतात. तो एकदा पार झाला की विरोध कमी होतो आणि विमान पळायला लागतं, पण ओझं जास्त असेल किंवा इंजिनांत दम नसेल तर चारही इंजिनं बोंबलत असतात आणि गाडी हंपच्या अलीकडेच अडकलेली. आणखी एक उलटी गंमत म्हणजे पाणी आरशासारखं शांत असलं की पायलटच्या पोटात गोळा. एक तर तळाखाली हवा शिरत नाही, तो सुटता सुटत नाही. दुसरं म्हणजे उतरताना पाणी किती खाली आहे हे डोळ्याला कळतच नाही, त्यामुळे इंजिन थोडं चालू ठेवून अगदी हळूहळू खाली येत राहायचं, टेकेपर्यंत. जमलं तर आधी एखादी लाँच फिरवून लाटा उठवून घ्यायच्या.

पण पाण्याला आवडणारी ही पायरी हवेला अजिबात आवडत नाही, हवेत तिच्यामागे भोवरे होतात आणि पेट्रोल वाया जातं. म्हणून संडरलँडच्या मार्क 3, म्हणजे तिसऱ्या सुधारित आवृत्तीपासून ती पायरी गुळगुळीत, कमी टोकदार केली. हेंडनला आहे ते मार्क 5, त्याचंही पोट त्याच घराण्यातलं, म्हणून नीट निरखून बघावं लागतं. मला सगळ्यात इंजिनियरिंग दिसतं ते इथे, हवा आणि पाणी दोघांनाही थोडं थोडं नाराज ठेवून काम काढायचं.

बॉम्बचंही बघा. साध्या बॉम्बरला पोटाखाली दारं असतात, इथे पोट पाण्यात, दारं ठेवली तर जहाज बुडणार. मग काय केलं, तर आत एक बॉम्बची खोली, छताला रूळ, आणि बाजूच्या भिंतीत झडपा. झडप उघडायची, डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टांगलेला सांगाडा रुळावरून सरकवत पंखाखाली बाहेर न्यायचा, टाकायचे आणि परत आत घ्यायचा. ब्रेक नाहीत, म्हणून किचनच्या खिडक्यांतून दोन्ही बाजूंनी कॅनव्हासच्या पिशव्या पाण्यात सोडायच्या, वळायचं असेल तर एकाच बाजूची. पुढचा टरेट अख्खाच्या अख्खा मागे सरकतो आणि त्या भोकात उभं राहून एक जण आकडीने बोया पकडतो. इंजिनची कामंही पाण्यावर तरंगतच करायची, त्यासाठी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पंखाची पुढची कड खाली पडते आणि उभं राहायला फळी होते, हातातला पाना निसटला की गेला समुद्राला अर्पण.

आत खालच्या मजल्यावर फिरलात तर बंक आहेत, स्टोव्हवालं किचन आहे, संडासही आहे. चैन म्हणून नाही हो, बारा-तेरा तासांची गस्त असायची, त्यात बहुतेक वेळा नुसतं पाणी बघायचं. पाणबुडी दिसली नाही तरी वरून विमान फिरतंय म्हटल्यावर ती खाली दबून राहायची, आणि त्या काळच्या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर बैलगाडीच्या वेगाने चालायच्या, त्यामुळे जहाजांचा ताफा निघून जायचा. मार्क 5 च्या पंखांखाली जे फुगवटे दिसतात त्यात रडार. आधीच्या दीड मीटर लांबीच्या लहरी जर्मन पाणबुड्यांच्या रिसिव्हरला ऐकू यायच्या, 10 सेंटिमीटरच्या नव्या रडारच्या सुरुवातीला नाही यायच्या.

पोट किती महत्त्वाचं त्याचा एक किस्सा. मे 1943 मध्ये ऑस्ट्रेलियन 461 स्क्वाड्रनची एक संडरलँड अटलांटिकमध्ये पडलेल्या वैमानिकांना वाचवायला खवळलेल्या समुद्रात उतरली, माणसं जहाजावर दिली आणि परत उडताना लाटेने तळाला मोठं भगदाड पडलं. आता पाण्यावर उतरली तर बुडणार. चाकं नाहीत. शेवटी वेल्समधल्या अँगल नावाच्या धावपट्टीच्या गवतावर पोटावर घसरत उतरवली, आणि उतरली!

आपल्याकडचाही एक धागा आहे. 1944 च्या पावसाळ्यात बर्मात जपान्यांच्या मागे घुसलेल्या चिंडिट नावाच्या ब्रिटिश फौजेचे जखमी-आजारी अडकले होते, विमानतळ नाही, सगळा चिखल. तेव्हा दोन संडरलँड डोंगर ओलांडून इंडॉजी सरोवरात उतरायच्या आणि माणसं आसामात दिब्रुगडला ब्रह्मपुत्रेवर आणायच्या. अशी 500 च्या वर माणसं त्यांनी काढली. समुद्रासाठी बनवलेलं विमान, ढगांतून डोंगरांवरून नदीत!

आता रिस्टोरेशनबद्दल, म्हणजे जुनं विमान दुरुस्त करून पूर्ववत करण्याबद्दल. एमएल 824 हे 1944 मध्ये बेलफास्टला बनलं, ब्रिटिश 201 आणि मग नॉर्वेजियन 330 स्क्वाड्रनमध्ये होतं, युद्धानंतर फ्रेंच नौदलात गेलं, 1961 ला वेल्समध्ये पेम्ब्रोक डॉकला परत आलं, तिथे खाऱ्या हवेत उघड्यावर उभं राहिलं आणि 1971 ला हेंडनला आलं. अशा विमानाचा खरा शत्रू मीठ. विमानाचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं, ताकदीसाठी त्यात तांबं घालतात, आणि तेच तांबं खाऱ्या पाण्यात बारीक बारीक बॅटऱ्या तयार करतं आणि धातू आतून खातं. बाहेरून रंग छान, आणि दोन पत्रे जोडलेत तिथे किंवा रिव्हेटच्या डोक्याखाली पांढरी पावडर. कधी कधी पत्रा पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुगतो. म्हणून असल्या कामात रंग ही सगळ्यात सोपी गोष्ट, जोड उघडून सडलेलं कापून नवं बसवणं ही खरी मेहनत, आणि ती बघणाऱ्याला दिसतही नाही.

या मिठाचाच एकदा फायदा झाला. 1948 ला रशियाने बर्लिनचे रस्ते अडवले तेव्हा शहराला मीठही विमानानेच न्यावं लागलं. साध्या विमानांत कंट्रोलच्या तारा आतल्या फरशीखालून जातात, मीठ सांडलं की गंजणार. संडरलँडमध्ये तारा वरून जायच्या आणि सगळं अंगच खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं, म्हणून त्या हॅम्बुर्गहून मीठ भरून बर्लिनच्या हावेल नदीच्या सरोवरावर उतरायच्या.

मग या बोटी गेल्या कुठे? युद्धाने जगभर लांब काँक्रीटच्या धावपट्ट्या करून ठेवल्या, आणि धावपट्टी असेल तर एवढं पोट हवेतून ओढत न्यायची गरजच काय. आरएएफने 1959 मध्ये शेवटची संडरलँड निवृत्त केली, न्यूझीलंडने 1967 पर्यंत ताणलं. जपानी नौदल मात्र आजही यूएस-2 नावाचं असंच पाण्यावर उतरणारं विमान वापरतं, साधारण 3 मीटर लाटांतही उतरणारं, भारतीय नौदलासाठी त्याची बोलणी कित्येक वर्षं चालली पण सौदा झाला नाही. त्याला चाकं आहेत, पंखा फिरवणारी चार टर्बोप्रॉप इंजिनं आहेत, पंखाच्या मागच्या हलत्या फळ्यांवरून (फ्लॅप) हवा फुंकायला पाचवं इंजिन वेगळं आहे. आणि पोटाला पायरी आहेच.